मंडळीचा वडील

नंदनवन, नागपूर
२ डिसेंबर

चि. हिमानीस,
सलाम.

तू माझा फोन उचलत नाहीस. आईचा उचलतेस, आणि ती स्वयंपाकघराचं दार लोटून बोलते, म्हणजे मला ऐकू येऊ नये अशी तुम्हा मायलेकींची व्यवस्था आहे. म्हणून हे पत्र. पारशिवनीला पोस्ट पोचतं एवढं मला माहीत आहे, आणि पत्र वाचताना कोणाला हॅलो म्हणावं लागत नाही.

आधीच स्पष्ट करतो. रविवारी मी जे बोललो ते तुझा बाप म्हणून बोललो नाही, मंडळीचा वडील म्हणून बोललो. पाळकसाहेब गावाला गेले की उपासना चालवायची, वचन समजावून सांगायचं, चुकलेल्याला टोकायचं, हे मंडळीच्या वडिलाचं काम. ते मी तुझ्या जन्माच्या आधीपासून करतो आहे. मंडळी मला वडील म्हणते, तू बाबा म्हणतेस. या दोहोंची गल्लत तू केलीस, मी नाही.

विषय ख्रिस्तविरोधी हा होता. शेवटच्या काळात एक जण उठेल, गोड बोलून लोकांना भुलवेल आणि ख्रिस्ताच्या लोकांना छळेल, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. सध्या ज्याचं बोलणं ऐकायला लोक चौकाचौकात उभे राहतात त्या पुढाऱ्याची लक्षणं मी एकेक करून सांगितली. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, मागच्या बाकावरचे गोपाळरावसुद्धा मान डोलावत होते, आणि त्यांना कितपत ऐकू येतं ते तुला ठाऊक आहे. कुठे प्रार्थनासभेत माणसं घुसली, कुठे पाळकाला पोलिसांनी बोलावलं, अशा बातम्या रोज मोबाइलवर येतात. आपली माणसं घाबरली आहेत. घाबरलेल्या माणसांना शत्रू कोण ते सांगायला नको?

आणि तू उभी राहिलीस. "बाबा, योहानानं तं आपल्या पत्रात पुष्कळ ख्रिस्तविरोधी म्हटलं, एक नाही. अन् ते आपल्यातूनच निघाले म्हटलं. मंग आपण बाहेर काहून शोधून राहिलो?" वर आणखी सांगितलंस, की मूळ ग्रीक शब्दात 'विरोधात' हा अर्थ आहे तसा 'च्या जागी' हाही आहे. ख्रिस्ताच्या जागी बसणारा. मी म्हणालो, "नर्सिंगमधी ग्रीक कधीपासून शिकवून राहिले वं?" लोक हसले. तरी तू बसली नाहीस.

तेव्हा मी तेच वचन तुझ्याकडे फिरवलं, की जे आपल्यातून निघाले ते आपले नव्हतेच, आपले असते तर आपल्यात राहिले असते. तुझ्याकडे बघून म्हणालो, हे खरं. तू बायबल मिटलंस आणि बाहेर गेलीस. संध्याकाळी तुझी बॅगही गेली. इतके दिवस रोज पारशिवनीच्या दवाखान्यात अप-डाउन करणारी मुलगी एका दिवसात तिथलीच झाली.

नाताळ तोंडावर आहे. संडे स्कूलच्या मुलांची नाटिका तुझ्याशिवाय उभी राहत नाही. येत्या रविवारी ये, मंडळीसमोर माफीचे दोन शब्द बोल, विषय संपला. मीही मन मोठं करीन.

आई बाजूला उभी आहे. म्हणते, "तिले लिहा, स्वेटर इथंच राहिलं. अन् हेबी लिहा का लेकीले घालवून आता पत्र लिहून राहिले." दोन्ही लिहिलं.

तुझे वडील,
प्रेमानंद


१४ डिसेंबर

चि. हिमानीस,
सलाम.

उत्तर नाही. ठीक आहे. रागाला औषध नसतं असं तुझी आजी म्हणायची, आणि तो राग तुझ्यात कुठून आला ते आई मला रोज सांगते.

संडे स्कूल आता पायल घेते. तुझ्याच हाताखाली तयार झालेली पोरगी, पण मुलं तिला जुमानत नाहीत. मेंढरं झालेली मुलं गोठ्यावर चढतात आणि मरीया झालेली मुलगी तुझं नाव घेऊन रडते.

एक गोष्ट सांगायची की नाही याचा मी आठवडाभर विचार केला. तुला खोटं पाडायचं म्हणून मी बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, काढून बसलो. समुद्रातून वर येणारा पशू सापडला, अजगर सापडला, खोटा संदेष्टा सापडला, कपाळावर शिक्का मारलेली माणसं सापडली. ख्रिस्तविरोधी हा शब्द काही सापडेना. चष्मा पुसून पुन्हा सगळं वाचलं. शेवटी पाळकसाहेबांना विचारलं, तर ते सहज म्हणाले, "वडील, तो शब्द प्रकटीकरणात नाहीच. फक्त योहानाच्या पत्रांत आहे." मी आयुष्यभर प्रकटीकरणावर बोट ठेवून तो शब्द शिकवला आणि एकाही माणसाने उघडून पाहिलं नाही. इतवारीत कापडाच्या दुकानात होतो तेव्हा आमचे शेठ म्हणायचे, गिऱ्हाईक रंग बघते, पोत कोणी बघत नाही. मंडळीतही तेच, आणि मी तर दुकानाच्या आतला माणूस.

म्हणून मग योहानाची पत्रं वाचली. म्हातारा झालेला माणूस आहे, दूरवरच्या लोकांना लिहितो आहे, आणि तो शब्द काढण्याआधी 'मुलांनो' म्हणतो. हे मला आजवर दिसलं नव्हतं. पण यावरून तू बरोबर होतीस असं समजू नकोस. शब्द कुठे आहे ही एक गोष्ट, आणि तो कोणाला लागू पडतो ही दुसरी.

चांगली बातमी अशी की नाताळाला ताराचंदभाऊ येणार आहेत. जानेवारीत महापालिकेची निवडणूक आहे, ते विरोधी पक्षाकडून उभे आहेत, म्हणजे मी ज्या पुढाऱ्याबद्दल बोललो त्याच्या पक्षाविरुद्ध. पावसाळ्यात आपल्या आवारात नालीचं पाणी शिरायचं ते याच माणसाने बंद करून दिलं, हे तूही नाकारणार नाहीस. गेटवर शुभेच्छांचा फ्लेक्स लावायचा आहे. मी स्वतः इतवारीत जाऊन तो कसा हवा ते सांगून आलो.

नाटिकेला तरी ये. माफीचं आपण नंतर बघू.

तुझे वडील,
प्रेमानंद


२६ डिसेंबर

चि. हिमानीस,
सलाम, आणि नाताळच्या शुभेच्छा.

तू आली नाहीस. तुझ्या जागेवर आईने तिची पर्स ठेवली होती. एक बाई बसायला गेली तर म्हणाली, "इथं माणूस आहे." उपासना संपेपर्यंत पर्स तिथेच होती.

कार्यक्रम चांगला झाला. गर्दी झाली. फ्लेक्सचा थोडा घोळ झाला, तो आईने तुला फोनवर सांगितलाच असेल, तरी माझ्याकडूनही ऐक. फ्लेक्स मोठा निघाला आणि आपलं गेट लहान. मधोमध ताराचंदभाऊ हात जोडून उभे, तिथे दुमडता येईना. म्हणून पोरांनी उजवा कोपरा खांबामागे दुमडून दोरीने बांधला. त्या कोपऱ्यात बाळ येशूचा गोठा होता. मी घाईत होतो, लक्ष गेलं नाही. आई आत येताना थांबली, खांबामागे वाकून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वाढदिवस ज्याचा त्यालेच मागं दुमडलं तुमी."

ताराचंदभाऊ आले तेव्हा गीत चालू होतं. ते थांबवावं लागलं, कारण लोक आपोआप उभे राहिले. त्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न आला. प्रभुभोजनाच्या मेजामागची खुर्ची रिकामी होती. ती दिली. त्यांनी चार शब्द बोलून दाखवले. शेवटी म्हणाले, "मी आहे तोपर्यंत या मंडळीच्या केसाले धक्का लागणार नाही." सगळ्यांनी आमेन म्हटलं.

नाटिका उशीर झाल्यामुळे निम्मीच झाली. मेंढपाळ आले, पूर्वेकडून भेटी घेऊन येणाऱ्या मागी लोकांना वेळ मिळाला नाही. ती मुलं मुकुट घालून केक खात होती.

स्वेटर अजून खुंटीवर आहे.

तुझे वडील,
प्रेमानंद


११ फेब्रुवारी

चि. हिमानीस,
सलाम.

हसायचं असेल तर हस, मी समोर नाही.

ताराचंद पडले ते तुला कळलंच असेल. थोडक्या मतांनी गेले. निकालाच्या पुढच्या रविवारी गोपाळराव उपासनेनंतर माझा हात धरून म्हणाले, "वडील, तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही गा आमी. विरोधीवाल्याले आमच्या गल्लीतून एकबी मत पडू देलं नाही."

मी म्हणालो, "कोण्या विरोधीवाल्याले?"

"तुमीच तं त्या दिवशी वरून सांगितलं. विरोधी आले, सावध राहा, गोड बोलतीन, भुलू नका. ताराचंदभाऊ विरोधी पक्षाचे ना? नाताळात गोडबी बोलून गेले. पेपरात रोज छापून येते. आमी म्हाताऱ्या माणसाईले घरोघरी जाऊन समजावलं."

ख्रिस्तविरोधीतला ख्रिस्त त्यांच्या कानापर्यंत गेलाच नाही, विरोधी तेवढा पोचला. मी ज्याला पशू ठरवलं त्याच्याच पक्षाला आपल्या मंडळीची म्हातारी माणसं भक्तिभावाने मत देऊन आली. मी रागावणार होतो. पण त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मी "बरं केलं" म्हणालो.

ही झाली हसायची गोष्ट. पुढची ऐक. परवा चौकात नवा फ्लेक्स लागला. मधोमध तोच पुढारी, हात वर केलेला. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, चिंचोक्याएवढा, ताराचंद. पक्षप्रवेशाबद्दल अभिनंदन. आई भाजीची पिशवी घेऊन बराच वेळ तिथे उभी होती. म्हणाली, "हाबी कोपरा दुमडायले सांगा ना आता."

मी त्यांना फोन केला. उचलला, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "काका, राजकारणात असंच असते गा. मनावर घेऊ नका. तुमचं काही काम असलं तं सांगा." आवाजात काहीच बदल नव्हता. नाताळात बोलले होते त्याच आवाजात बोलले, आणि मला वाटतं तेव्हाही ते खोटं बोलत नव्हते. मत मागायला आलेला माणूस जे बोलतो ते बोलले. जास्तीचं जे काही होतं ते आम्ही आमच्या पदरचं घातलं.

स्वेटरची थंडी आता संपली. आई तरी खुंटीवरून काढत नाही.

तुझे वडील,
प्रेमानंद


३० मार्च

प्रिय हिमानी,

नाताळच्या पत्रात मी तुला लिहिलं की सगळ्यांनी आमेन म्हटलं. तसं झालं नव्हतं. ताराचंदचं वाक्य संपलं तेव्हा सगळे गप्प होते. माणसं गोंधळली होती, कारण केसाला धक्का न लागू देण्याचं वचन आपल्याकडे प्रभूने दिलेलं आहे हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्या शांततेत आमेन मी म्हटलं. मोठ्याने. मग बाकीचे म्हणाले, कारण वडील म्हणाले. तुझी आई म्हणाली नाही.

आणि ती खुर्ची. 'ती दिली' असं मी लिहिलं, जणू खुर्ची आपण होऊन चालत आली. पाळकसाहेब फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी जिच्यावर बसतात ती खुर्ची मी ओढून पुढे आणली आणि माझ्या रुमालाने पुसली. पौलाच्या एका पत्रात अधर्माचा माणूस येतो, तो देवाच्या मंदिरात जाऊन देवाच्या जागी बसतो. हे मी किती वेळा शिकवलं आहे. त्याला खुर्ची कोण आणून देतं हा प्रश्न मला कधी पडला नाही.

ताराचंद ख्रिस्तविरोधी आहे असं मी म्हणत नाही. त्याला एवढं मोठं नाव झेपणारही नाही. तो दुसरा पुढारी आहे की नाही, तेही मला आता माहीत नाही. त्याने जे वाईट केलं असेल त्याला वाईट म्हणावं, त्यासाठी प्रकटीकरणाची गरज नाही. योहानाने माणूस ओळखायची खूण दिली, नाव दिलं नाही. नाव मी घातलं. भीती खरी होती, पण भ्यालेल्या माणसाला राखणदार लागतो, आणि मंडळीला ख्रिस्त राखणदार असताना मी दुसरा आणून बसवला. 'च्या जागी' म्हणजे काय ते तू त्या दिवशी मला चार शब्दांत सांगितलंस आणि मी तुझ्या नर्सिंगवर विनोद केला. मला फार वाईट वाटतं, हिमानी.

काल ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार होता. मी पुढे जाऊन सांगितलं की वडीलपद सोडतो आहे, आणि हिमानी बरोबर होती, मी चुकलो. मागून गोपाळराव ओरडले, "काय म्हणले?" कोणी त्यांना सांगेना. म्हणून मला ते दुसऱ्यांदा, आणखी मोठ्याने म्हणावं लागलं. तुझी शपथ, दुसऱ्या वेळी जास्त जड गेलं.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पारशिवनीला येतो. नको असेल तर आईला सांग. ती दार लोटून बोलली तरी चेहऱ्यावरून मला कळेल.

बाबा


७ एप्रिल

प्रिय हिमानी,

काल सुखरूप पोचलो. बसमध्ये खिडकी मिळाली.

तू दार उघडलंस आणि "या बाबा" म्हणालीस. मी वाटेत जे पाठ केलं होतं ते सगळं विसरलो आणि पिशवीतून स्वेटर काढून दिला. एप्रिलच्या उन्हात स्वेटर घेऊन दारात उभा राहिलेला बाप बघून तू हसलीस. तुझं हसणं ऐकलं आणि मला वाटलं, झालं, मिटलं.

तू चहा केलास, पोहे केलेस. खोली छान ठेवली आहेस. उशाला पूर्वी तुझं बायबल असायचं तिथे पाण्याची बाटली आहे. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. बशी समोर आली तेव्हा सवयीने डोळे मिटले, आभार मानले, तुझं नावही घेतलं. डोळे उघडले तर तू माझ्याकडे बघत होतीस. चमचा हातात धरून थांबली होतीस, दुसऱ्या घरचा पाहुणा आपल्या रीतीने काही करत असला की आपण थांबतो तशी. जेवणाआधीची ती प्रार्थना तुला मीच शिकवली होती, बोबड्या बोलात.

मी विचारलं, "मंडळीत कधी येशील?"

तू म्हणालीस, "घरी येईन बाबा. मंडळीत नाही. मी रागात नाही आता. पण मले तिकडचं काही वाटूनच नाही राहिलं. पेशंटचा हात धरून बसते ना, तेवढं पुरते मले."

तू रागावून बोलली असतीस तर मला बरं वाटलं असतं. रागाशी भांडता येतं.

परतताना बसमध्ये हाच विचार. माणसाला ख्रिस्तापासून दूर नेतो तो ख्रिस्तविरोधी, हे मी बाकावरच्या लोकांना बोट नाचवून सांगायचो. मग माझ्या लेकीला दूर कोणी नेलं? त्या पुढाऱ्याला तुझं नाव माहीत नाही. ताराचंदने तुला कधी धड पाहिलंही नसेल. तू आपल्यातून निघाली नव्हतीस. वचन हातात घेऊन तू आपल्यात उभी होतीस, आणि मी तेच वचन वापरून तुला बाहेर काढलं. घरातून काढलेली परत येते म्हणाली, हे माझं नशीब. त्या दुसऱ्या, देवाच्या घरातून काढलेली परत आणायचा अधिकार माझ्याकडे नाही, आणि जो मला आयुष्यभर माहीत आहे असं मी समजत होतो, त्याच्याकडे आता मी फक्त तुझं नाव घेऊ शकतो.

पोहे चांगले झाले होते, ते सांगायचं राहिलं.

रविवारी आई भरली वांगी करणार आहे. दुपारी ये, उपासना संपल्यावर ये, म्हणजे कोणी भेटणार नाही. मी आभार मनातच मानीन, डोळे उघडे ठेवून. तू माझ्यासाठी थांबू नकोस. वाढलं की जेवायला लाग.

बाबा